निवृत्तीनंतर हे दिवसभर घरातच असतात

«ताई, माझे यजमान आठ महिन्यांपूर्वी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ३६ वर्षं मुलुंड ते फोर्ट केलं. आता नऊला उठतात, टीव्ही नाहीतर मोबाइल, दुपारी दोन तास झोप आणि रात्री एकपर्यंत जागे. वजन पाच किलोंनी वाढलंय, गुडघे दुखतात. मी फोडणी घातली की मागे येऊन उभे राहतात, ‘मोहरी जास्त झाली’ म्हणतात. माझी दुपार गेली, गुरुवारचं भजनी मंडळही सुटलं. ‘काहीतरी छंद लावून घ्या’ म्हटलं की चिडतात. काय करू?»
– एक वाचक, मुलुंड पूर्व

सप्रेम नमस्कार ताई,

छंदाचा आग्रह आधी सोडून द्या. छंद आपल्या मर्जीचा, आज नको वाटलं तर उद्यावर ढकलता येतो. यजमानांना इतकी वर्षं ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलावर कुणाला तरी त्यांची गरज असायची. ते गेलं, म्हणून ते तुमच्या फोडणीपाशी येतात. आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल, असं काम त्यांना हवं आहे.

मुंबईच्या माणसाचं निवृत्तीत आणखी एक जातं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. घर ते स्टेशन, पुलाचे जिने, गाडीत उभं राहणं, सीएसएमटीहून फोर्टपर्यंतची चाल आणि संध्याकाळी पुन्हा तेच सगळं. हा त्यांचा रोजचा व्यायाम होता. तो एका दिवसात थांबला, ताट मात्र तेवढंच राहिलं. मांडीचे स्नायू वापरात नसले की झिजतात, आणि गुडघ्याचा भार पेलतात तेच. त्यामुळे नुसतं चालून भागणार नाही, पायात ताकद आणायला हवी.

हात नसलेली, गुडघ्याएवढ्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. त्यांना हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं, ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ वेळा जमायला हवं. कमी भरलं तर हाच व्यायाम करायचा: आठ वेळा उठबस, दोन मिनिटं थांबून पुन्हा आठ, एक दिवसाआड. दर आठवड्याला एक-दोन वाढवायच्या. बसताना धपकन बसू नये, मनात तीन मोजत खाली यावं, कारण सावकाश खाली येतानाही स्नायू राबतो. श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब चढतो. गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखला किंवा सुजला तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. बहुतेक पुरुष इथेच फसतात. पहिल्या दिवशी जोशात सात-आठ किलोमीटर चालतात, गुडघा सुजतो, आणि ‘मला झेपत नाही’ म्हणून कायमचे बसतात.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं पुरे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. संभाजी मैदानात सकाळी साडेसातच्या आत जावं, ऑक्टोबरमध्ये तर नक्कीच. पावसाळ्यात चिखलात घसरण्यापेक्षा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये फेऱ्या माराव्यात.

स्नायूंना प्रथिनंही लागतात, आणि आपल्या ताटात ती फार कमी असतात. या वयात वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम तरी हवीत, म्हणजे ७० किलोंच्या माणसाला ७० ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच मिळतात. पोह्यांऐवजी मुगाची धिरडी किंवा दोन अंडी, जेवणात उसळ, दही, शंभर ग्रॅम पनीर किंवा मासे, असं विभागून द्या. भाताची एक वाढी कमी झाली तरी चालेल. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील किंवा शाकाहारी असतील तर बी-१२ तपासून घ्या.

झोपेचं गणित सकाळपासून बसतं. उठायची वेळ साडेसहा ठरवा, रात्री कितीही जागले तरी तीच. दुपारची डुलकी अर्धा तास, तीनच्या आत, गजर लावून. चारनंतर चहा नको. दोनेक आठवडे त्रास होईल, चिडचिडही होईल. त्या काळात माघार घेऊ नका.

आता कामाबद्दल. बँकेतल्या माणसाची गरज तुमच्याच सोसायटीत आहे. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, एप्रिलमध्ये व्याजावरचा टीडीएस कापू नये म्हणून द्यायचे फॉर्म, राहून गेलेली नॉमिनेशन, एकट्या नावावरच्या ठेवी, फसवणुकीचे फोन. ज्येष्ठांना हे सगळं समजावून सांगणारं कुणी नसतं. सेक्रेटरींना सांगून शनिवारी दहा ते बारा सोसायटीच्या ऑफिसात यजमानांना बसायला लावा, आणि तशी पाटी लावून घ्या. पाटी लागली की लोक येतात, आणि लोक आले की दाढी करून वेळेवर खाली जावंच लागतं. एक पथ्य मात्र पाळावं: कुणाचा ओटीपी, पासवर्ड किंवा सही केलेला कोरा चेक हातात घेऊ नये. पहिला सराव घरच्या फाइलवर होऊ दे. ठेवी, विमा, फ्लॅटची कागदपत्रं कुठे आहेत, कोणाच्या नावावर आहेत, हे तुम्हाला शेजारी बसवून त्यांनी लिहून काढावं. तुम्हाला हे माहीत असायलाच हवं.

घरातलंही एक काम पूर्ण त्यांचं करा, सकाळचा चहा आणि आठवड्याची भाजी. मदत म्हणून नव्हे, सगळंच. मेथी जून निघाली तरी आठवडाभर काही बोलू नका, तुम्ही चुका काढल्या तर ते पिशवी परत तुमच्याकडे देतील. आणि दुपारी एक ते चार ही तुमची वेळ. हे भांडणात सांगू नका, रविवारी सकाळी चहा पिताना शांतपणे सांगा: ‘या वेळेत मला हाक मारायची नाही. चहा लागला तर तुम्ही करून घ्या.’ गुरुवारी भजनाला जा. कुकर लावून ठेवलात की तीन शिट्ट्यांनी गॅस बंद करणं त्यांना जमेल.

हे सगळं केल्यावरही दोन आठवड्यांहून जास्त काळ ते उदास राहिले, जेवण तुटलं, मित्रांचे फोन उचलेनासे झाले, किंवा ‘आता माझा उपयोग काय’ असं वारंवार बोलू लागले, तर तो स्वभाव समजू नका. फॅमिली डॉक्टरांकडे नेऊन साखर, थायरॉइड, बी-१२ बघा आणि मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा. केईएमसारख्या पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलले तर थांबू नका, त्याच दिवशी न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, आणि तुमच्या स्वतःच्या थकव्याबद्दलही तिथे बोलता येईल.