टेकूंवरचा संसार

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्तीनंतर गेली तीन वर्षे अकरा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर राहतो. जूनपासून आमची बोट त्रिनिदाद बेटावरील चागुआरामास येथे दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढून लोखंडी टेकूंवर उभी केलेली आहे. तळाच्या फायबरमध्ये पाणी मुरून फोड आले होते. तळ खरवडून, वाळवून पुन्हा लेप देईपर्यंत नोव्हेंबर उजाडेल, असे यार्डवाले सांगतात. यजमान दिवसभर त्याच कामात असतात. समुद्रावर मला कधी एकटे वाटले नाही, परंतु इथे बोटींच्या एवढ्या दाटीत फार एकटे वाटते. शेजाऱ्यांनी चार वेळा संध्याकाळी बोलावले. आम्ही दोनदा गेलो. परंतु त्यांना उलट बोलवावे अशी आमची स्थिती नाही : स्वयंपाकघरातली मोरी बंद आहे, फ्रीज बंद आहे, सगळीकडे धूळ आणि हत्यारे पसरलेली आहेत. शिवाय मी शाकाहारी आहे आणि मद्य घेत नाही. परतफेड न करता जात राहणे मनाला पटत नाही आणि न गेल्यास दिवस सरत नाही. काय करावे?
— एक वाचक भगिनी, मुक्काम त्रिनिदाद

उत्तर : ताई, त्याच खाडीकाठी मी दोन मोसम काढले आहेत आणि तुमच्या पत्रातला एकटेपणा मला चांगला ठाऊक आहे. समुद्रावर दोघांचा दिवस पहाऱ्याच्या पाळ्यांनी बांधलेला असतो, एकाची झोप दुसऱ्याच्या जागेपणावर अवलंबून असते. बोट टेकूंवर चढली की ती जोडणी एकदम सुटते, एक जण तळाखाली मुखपट्टी लावून घासत बसतो आणि दुसरा शिडीच्या वरच्या टोकाला, तापलेल्या केबिनमध्ये उरतो. हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. त्या मुक्कामाची घडणच अशी आहे.

इतर वाचकांसाठी थोडे सांगते. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम मानतात. त्रिनिदाद साधारण साडेदहा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे वादळे बहुधा त्याच्या उत्तरेकडून निघून जातात, म्हणून अनेक नौकावासी तिथे येऊन याच महिन्यांत बोटींची दुरुस्ती उरकतात. जवळच्या ग्रेनेडा बेटाला २००४ च्या सप्टेंबरमध्ये ‘आयव्हन’ने आणि कॅरियाकू बेटाला १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ने केवढा तडाखा दिला हे ज्यांनी पाहिले, त्यांना हा आडोसा किती मोलाचा आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या कोकणातही १ जूनलाच मासेमारीची बंदी सुरू होते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत जाळी विणणे, फळ्या बदलणे, तळाला तेल-रंग करणे चालते. त्या दिवसांत तांडेल आणि खलाशी घरी परततात. तुमचे घर मात्र टेकूंवरच आहे, हाच काय तो फरक.

आता परतफेडीचा प्रश्न. आपल्याकडे पाहुणा आला की पाणी, चहा, ताट आणि टापटीप घर हे सगळे घरच्यांनी द्यायचे असते, आणि त्याच मापाने तुम्ही स्वतःला मोजत आहात. नौकावासीयांची संध्याकाळची रीत निराळी आहे. पाच-साडेपाचला येणारा प्रत्येक जण स्वतःचे पेय, बहुतेक वेळा स्वतःचा पेलाही, आणि मध्ये ठेवायला एक लहानशी बशी घेऊन येतो; बोलावणारा फक्त बसायला जागा देतो आणि अंधार पडला की सगळे उठतात. ही रीत गरजेतून आलेली आहे, कारण कोणाच्याच बोटीवर आठ माणसांना पुरेल इतके पाणी, भांडी किंवा जागा नसते. तेव्हा तुम्ही कोकमाचे किंवा लिंबाचे सरबत भरलेली बाटली घेऊन गेलात तर त्यात वावगे काहीच नाही. मी दोन्ही मोसम तसेच केले आणि ‘तुम्ही का घेत नाही’ असे मला कोणी दुसऱ्यांदा विचारले नाही.

आणि जागा तुमच्याकडे आहे. पाहुण्यांना शिडी चढायला लावूच नका. दुपार कलली की बोटीची सावली एका बाजूला लांब पडते. ती तुमची ओसरी समजा. खालची जमीन झाडून, हत्यारे एका खोक्यात टाकून, दोन घोंगड्या आणि चार उलट्या बादल्या मांडल्या की बैठक झाली. ताडपत्रीची सावली करणार असाल तर तिची दोरी टेकूंना मात्र कधीही बांधू नका. वाऱ्याने ताडपत्री फुगली की टेकू हलतो आणि एक टेकू हलणे म्हणजे बोट कलंडण्याची सुरुवात. मोरी बंद असल्याचा संकोचही सोडा. पाण्याबाहेर काढलेल्या बोटीतून सांडपाणी सोडले तर ते शेजाऱ्याच्या पायावर पडणार, म्हणून सगळ्यांच्याच मोऱ्या बंद असतात आणि सगळेच जण भांड्यांचे पाणी बादलीतून खाली उतरवतात. समुद्राच्या पाण्याने थंड होणारे फ्रीज सगळ्यांचेच बंद असतात. जी अडचण तुम्ही झाकू पाहता, ती प्रत्येकाच्या घरात आहे.

बशीत काय न्यावे याचे उत्तर त्रिनिदादच्या मातीतच आहे. तिथल्या बाजारात ‘दशीन’ नावाने मिळणारी मोठी पाने म्हणजे आपला अळू. त्यांची भाजी तिथे ‘भाजी’ याच नावाने खातात. त्याच पानांना डाळीच्या पिठाचा लेप देऊन तळलेल्या ‘सहीना’ नावाच्या वड्या रस्त्यावर विकतात आणि पहिला घास घेतला तेव्हा मला माझ्या सासूबाईंची अळूवडी आठवली. मी चिंच-गूळ घालून, उंडे वाफवून, काप परतून अळूवड्या एका सामुदायिक जेवणाला नेल्या. आठवड्यातून एकदा नौकावासी एकत्र जमतात, प्रत्येक जण एक पदार्थ आणतो. त्या दिवशी माझ्याभोवती गॅसच्या शेगडीवर वाफवायचे कसे हे विचारणारे चौघे-पाच जण उभे होते आणि त्यातल्या एका जर्मन बाईंशी झालेली ओळख आजही टिकून आहे. शाकाहारी असणे तिथे अडचणीचे नाहीच. मऊ बाऱ्यांत, म्हणजे तळलेल्या लहान रोट्यांत, छोले घातलेले ‘डबल्स’ हा तर त्या देशाचा रोजचा नाश्ता आहे.

लोकांत शिरण्याचा सर्वांत सोपा दरवाजा सकाळी आठ वाजता उघडतो. आमच्या वेळी बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या ६८ क्रमांकाच्या चॅनलवर नौकावासीयांची रोजची सभा भरत असे : कोण आले, कोण निघाले, हवामान काय, कोणाला काय हवे, कोणाकडे काय जादा आहे. अनेक जण नुसते ऐकतात. तुम्ही बोला. बोटीचे नाव सांगून एखादी खरी गरज मांडा किंवा एखादे कौशल्य देऊ करा : शिवणयंत्र असेल तर ताडपत्री शिवून देण्याचे, नाहीतर चपाती लाटायला शिकवण्याचे. आमच्या पंपाची एक रबरी चकती आठ दिवस मिळत नव्हती. सभेत विचारल्यावर अर्ध्या तासात तीन बोटी पलीकडच्या गृहस्थांनी ती आणून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि पुढे त्यांच्या शिडाचा फाटलेला कोपरा मी शिवला. दुरुस्तीच्या मुक्कामात गाठीभेटी हा कामातून चोरलेला वेळ असतो असे यजमानांना वाटत असेल, तर त्यांना हे जरूर सांगा. कोणता कारागीर वेळेवर येतो, कोणत्या दुकानात लेपाचे डबे जुने आहेत, ही माहिती संध्याकाळच्या त्या सावलीतच मिळते.

यजमानांनी पाच वाजता हत्यार खाली ठेवायचे, हे मात्र तुम्ही दोघांनी ठरवून पाळले पाहिजे. तळावरच्या जुन्या रंगात तांबे मिसळलेले असते. तो कोरडा घासला तर त्याची विषारी धूळ शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. पाणी मारून घासावे, वारा बघावा आणि सकाळी शेजाऱ्याला आधी विचारावे. शेजारधर्माची सुरुवात इथून होते. उसने आणलेले हत्यार त्याच दिवशी, पुसून परत करावे. दुसऱ्याच्या शिडीवर हाक मारल्याशिवाय पाय ठेवू नये. तळावर दोन टकटक करून थांबावे. तुम्हालाही ज्या दिवशी कोणी नको असेल, त्या दिवशी ‘आज नको’ असे खालीच सांगा. कोणाला राग येत नाही.

आणखी एक गोष्ट मला तुम्हाला मनापासून सांगायची आहे. यार्डात राहणारे बहुतेक लोक ‘पुढच्या आठवड्यात निघू’ या भाषेत जगतात, म्हणून ओळख वाढवत नाहीत, सामान लावत नाहीत, गावात जात नाहीत. पावसाळ्यात तळ सावकाश वाळतो, दमट हवेत लेपाचे काम थांबते, आणि सांगितलेली तारीख पुढे जाते. आमची सात आठवडे गेली. तेव्हा नोव्हेंबरची वाट पाहू नका, इथेच राहता आहात असे धरून चाला. पिवळ्या पट्ट्याच्या मॅक्सी टॅक्सीने, म्हणजे तिथल्या लहान बसने, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला जा, तिथून पुढे मध्य त्रिनिदादमध्ये जा. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय मजूर या बेटावर उतरले; त्यांतले आणि पुढे आलेले बहुसंख्य लोक उत्तर हिंदुस्थानातले, भोजपुरी बोलणारे होते, मराठी नव्हते. तरीही तिथल्या घरांत वडिलांच्या आईवडिलांना ‘आजा-आजी’ म्हणतात, हे मी बाजारात एका मुलाच्या तोंडून ऐकले आणि भाजीची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. त्या भाजीवाल्या बाईंनी पुढच्या रविवारी आम्हाला जेवायला बोलावले. तिथे गेल्यावर परतफेडीचा विचार माझ्याही मनात आला होता; त्यांना बोट पाहायची होती, एवढेच त्यांनी मागितले.

प्रश्न : माझा मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात त्रिनिदादमध्ये यार्डात उभ्या केलेल्या बोटीवर राहत आहेत. आम्ही दोघे दिवाळीत त्यांच्याकडे जाणार आहोत. नातीच्या सुरक्षिततेची काळजी वाटते. आम्ही बोटीवरच राहावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बोटीवर राहू नका. शिडी साधारण तीन मीटर उंच आणि उभी असते, स्वच्छतागृह यार्डाच्या दुसऱ्या टोकाला असते आणि रात्री दोनदा चढउतार करणे साठीनंतर योग्य नाही. जवळ खोली घ्या, दिवसा बोटीवर जा. शिडीचे वरचे टोक कठड्याला घट्ट बांधलेले आहे ना, हे पहिल्याच दिवशी मुलाकडून पाहून घ्या.

नातीची काळजी रास्त आहे, पण ती योग्य ठिकाणी करा. शिडी मुले आपल्यापेक्षा चांगली चढतात. धोका आहे तो बोटी उचलून नेणाऱ्या ट्रॅव्हल-लिफ्टच्या वाटेत धावण्याचा, टेकूंशी खेळण्याचा आणि तळाची धूळ लागलेल्या हातांनी खाण्याचा. बादल्यांत आणि ताडपत्रीच्या खोलगट भागात साचलेले पाणी रोज ओतून टाकायला तिलाच सांगा. तिथे डेंग्यूचे डास असतात आणि हे काम मुले आवडीने करतात. तिला सोबत मिळावी म्हणून सकाळच्या रेडिओ-सभेत ‘नऊ वर्षांची मुलगी आहे, आणखी कोणत्या बोटीवर मुले आहेत का’ असे सुनेने विचारावे. दुपारपर्यंत कोणीतरी तळावर टकटक करील.

दिवाळीला जात आहात हे फार चांगले झाले. त्या देशात दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते आणि चागुआनास येथील दिवाळी नगरात आठवडाभर आधीपासून गर्दी असते. नातीला तिकडे अवश्य न्या. पणत्या मात्र बोटीवर लावू नका, कारण खाली-वर सगळीकडे थिनर आणि ॲसिटोनचे डबे असतात. यार्डाच्या कार्यालयाला विचारून मोकळ्या जागेत, पाण्याच्या काठाशी लावा आणि शेजारच्या बोटींना बोलवा. फराळ बंद पाकिटांतून न्या, आणि कडक सूटकेसऐवजी घडी होणाऱ्या कापडी पिशव्या घ्या. रिकामी सूटकेस ठेवायला त्यांच्याकडे जागा नसेल.