घरची मराठी आणि डिप्लोम्यावरची मुद्रा

कॅलिफोर्नियातील हायस्कूलमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना मराठी पालकांची एक शंका मी वारंवार ऐकते. अकरावीतल्या एका मुलीच्या आईने ती नेमक्या शब्दांत मांडली: "ताई, घरी बोललेल्या मराठीची शाळेत नोंद तरी कुठे होते? त्यापेक्षा तो वेळ इंग्रजीला दिलेला बरा नाही का?" मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी त्यांना 'स्टेट सील ऑफ बायलिटरसी'ची माहिती दिली. इंग्रजीत आणि आणखी एका भाषेत प्रावीण्य सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याच्या डिप्लोम्यावर किंवा ट्रान्स्क्रिप्टवर ही मुद्रा लावली जाते. म्हणजे इंग्रजी मागे ठेवून ती मिळतच नाही. २०११ च्या कायद्याने ती सर्वप्रथम कॅलिफोर्नियात आली, आणि याच राज्याने १९९८ मध्ये सार्वमताने द्विभाषिक शिक्षणावर कडक निर्बंध घातले होते, याची मला आजही गंमत वाटते.

माझा पहिला सल्ला मात्र चुकला. मुलीने शाळेत तीन वर्षे स्पॅनिश घेतले होते, स्पॅनिशच्या एपी (हायस्कूलमध्ये दिल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या) परीक्षेत पाचपैकी ३ किंवा अधिक गुण मिळवणे ही रुळलेली वाट होती आणि एपीमध्ये मराठी नाहीच, म्हणून मी स्पॅनिशच सुचवले. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली: "स्पॅनिश मी मार्कांपुरतं शिकले. आजीशी भांडते मी मराठीत."

मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि आजीशी झालेले शेवटचे भांडण लिहायला सांगितले. तोंडी तिने ते दोन मिनिटांत, हातवाऱ्यांसह आणि आजीच्या "हो का गं शहाणे"सकट सांगितले होते. कागदावर मात्र वीस मिनिटांत चारच ओळी उतरल्या, त्यातही 'पाणी'चे 'पानी' झाले आणि जोडाक्षर आले की पेन अडत होते. आजीला ती मेसेज रोमन लिपीत पाठवत असे.

घरी भाषा ऐकत वाढलेल्या मुलांचे बहुधा असेच असते: कान आणि जीभ तयार, हात कच्चा. मुद्रेसाठी मात्र बोलण्याइतकेच वाचन आणि लेखनही लागते. त्यामुळे आजीला रोजचा एक मेसेज देवनागरीत पाठवायचा, एवढेच आम्ही ठरवले. आजी उत्तर देण्याआधी चुका दुरुस्त करी, आणि माझ्या मते कोणत्याही शिकवणीपेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला. दुसरी उणीव उशिरा ध्यानात आली. तिची सगळी मराठी घरातली असल्यामुळे मुख्याध्यापकांना पत्र लिहायला सांगितले, तेव्हा तिने त्यांनाही 'तू' म्हटले. 'आपण' आणि 'विनंती' हे शब्द तिला नव्याने शिकावे लागले.

मराठीसाठी कोणती परीक्षा आणि कोणती पातळी ग्राह्य धरली जाईल, हे शाळेच्या भाषा विभागाला अकरावीच्या सुरुवातीलाच विचारावे. आम्ही उशीर केला. पहिल्या खेपेस तिचे लेखन एक पायरी कमी पडले; बारावीत तिने पुन्हा परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली.

निकाल घेऊन आलेल्या आईने इंग्रजीचा विषय काढला नाही. धाकटा तिसरीत आहे, त्याची बाराखडी आताच सुरू करावी का, एवढेच त्यांनी विचारले.