आरोग्य-प्रश्नोत्तरे : बरी झालेली मुलगी आणि जुनी फाइल

प्रश्न : माझ्या मुलीला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग (ए.एल.एल.) झाला होता. आज ती २३ वर्षांची असून नोकरी करते. कसलाही त्रास नाही. तरीही डॉक्टर अधूनमधून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतात. घरचे म्हणतात, बऱ्या झालेल्या मुलीला पुन्हा दवाखान्याची पायरी कशाला? तिच्या लग्नाचेही पाहत आहोत. अमेरिकेत अशा मुलांचा मोठा अभ्यास झाला आहे, असे वाचले. त्यातून काय कळले?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : आपली मुलगी बरी झाली आहे आणि ही तपासणी आजार उलटल्याच्या शंकेने सांगितलेली नाही, हे आधी घरच्यांना सांगा. ज्या औषधांनी तिला वाचवले, त्यांनी हृदयावर काही परिणाम केला आहे का, एवढेच पाहायचे असते.

आपण म्हणता तो अभ्यास बहुधा १९९४ मध्ये सुरू झालेला ‘चाइल्डहुड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी’ असावा. अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांत १९७० नंतर उपचार घेऊन निदानापासून किमान पाच वर्षे जगलेल्या मुलांचा त्यात मागोवा घेतला जातो आणि तुलनेला त्यांचीच सख्खी भावंडे असतात. एकाच घरात वाढलेल्या दोघांच्या प्रकृतीत पुढे फरक पडला, तर त्याचे कारण उपचारांत शोधणे सोपे जाते, म्हणून ही योजना मला फार मोलाची वाटते. २००६ मध्ये १०,३९७ जणांची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ६२ टक्के जणांना किमान एक दीर्घकालीन तक्रार होती आणि गंभीर आजाराचा धोका भावंडांच्या सुमारे आठपट होता.

हा आकडा वाचून घाबरू नका. त्या सर्वांवरचे उपचार १९७० ते १९८६ या काळात सुरू झालेले होते आणि तेव्हा किरणोत्सर्गाचा वापर बराच अधिक होता. अशा अभ्यासांमुळेच पुढे उपचार सौम्य करता आले.

आपल्या मुलीच्या बाबतीत कळीची औषधे म्हणजे डॉनोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिन ही केमोची औषधे; त्यांनी हृदयाला इजा होऊ शकते. हृदयाच्या स्नायूंच्या नष्ट झालेल्या पेशी जवळजवळ भरून येत नाहीत, त्यामुळे दुर्बलता कधी कधी अनेक वर्षांनी, तीही लक्षणांविना, इकोमध्ये प्रथम दिसते. धोका एकूण मात्रेवर ठरतो. ती शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर विशेष लक्ष ठेवावे लागते. माझ्याकडे एक आई रेशनकार्डाच्या पिशवीत जपलेले, घड्या विरलेले केमोचे कागद घेऊन आल्या होत्या. त्यांवरच्या पेनने लिहिलेल्या मात्रांची बेरीज करायला आम्हाला दहा मिनिटे लागली आणि तेवढ्यावरून तपासणी किती दिवसांनी करायची, हे ठरले.

लग्नाला यातून काहीही आडकाठी नाही. ए.एल.एल.च्या नेहमीच्या उपचारांनंतर बहुतेक मुलींची जननक्षमता टिकते. गरोदरपणात हृदयावर भार वाढतो, म्हणून दिवस राहण्यापूर्वी एकदा इको करून घ्यावा आणि प्रसूतितज्ज्ञांना हा पूर्वेतिहास न लपवता सांगावा.

अशा मुलांसाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ पासून उपचारोत्तर स्वतंत्र क्लिनिक चालते. आपल्याकडची फाइल गहाळ झाली असेल, तर जिथे उपचार झाले तिथल्या नोंदणी विभागात केस नंबर देऊन औषधांच्या एकूण मात्रांसह उपचारांचा सारांश मागा आणि त्याची एक प्रत मुलीच्या हाती द्या.