ऑस्कर नामांकनांचा अंदाज बांधताना

बाबा, पणजीत इफ्फीला (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) पाहिलेला सिनेमा तुला आवडला म्हणून लगेच यादीत घालू नकोस. मत ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सदस्यांचं असतं. अभिनयाची नामांकनं नटनट्याच ठरवतात, छायाचित्रणाची छायाचित्रकार. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या 10 जागांसाठी मात्र सगळेच मत देतात, तेही पसंतीक्रमाने. म्हणून सगळ्यांना ‘बरा’ वाटलेला सिनेमा मागे पडतो आणि थोड्यांनीच, पण जीव टाकून पहिला क्रमांक दिलेला आत शिरतो. समीक्षकांचे पुरस्कार? वाच खुशाल, पण ती मंडळी अकादमीची मतदार नव्हेत. नटांसाठी नटांच्याच संघटनेच्या पुरस्कारांची नामांकन यादी बघ. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात अकादमी डिसेंबरात निवडून जाहीर करते त्या 15 नावांपलीकडे जायचंच नाही. आणि भारताच्या प्रवेशिकेवर पैज नको रे, मांडवीतले कॅसिनो पुरेसे आहेत.