एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली

वाचक विचारतात : डोंगरवाटा

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, पत्नी ६१ची. आमच्याकडे गाडी नाही आणि मुलाची मागायची नाही. एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर जाऊन पाहिलं, पण त्यांचा वेग झेपला नाही. फक्त एसटीने गाठता येईल आणि आमच्या चालीने चालता येईल अशी एखादी वाट सुचवाल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, गाडी नाही याची खंत करू नका. स्वतःची गाडी नेली की ती जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. म्हणून आजकाल बहुतेक जण जिथून चढतात तिथेच उतरतात. आपल्या घाटवाटा मात्र कोकणातून देशावर जायला पडलेल्या. त्या आरपार चालायच्या असतात आणि त्यासाठी एसटीइतकी चांगली सोय दुसरी नाही. एका गाडीने माथ्यावर जायचं, घाट उतरायचा, खालच्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीला हात करायचा.

तुमच्यासाठी मी नाणेघाट सुचवते, आणि तोही वरून खाली. कल्याणहून सकाळी निघून खालून चढणारे खूप आहेत. त्यांची अडचण दुपारनंतर सुरू होते. माथ्यावरच्या घाटघर गावातून जुन्नरला जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या, आणि शेवटची चुकली की जीपवाल्याची मनधरणी. पायथ्याला मात्र कल्याण–नगर रस्ता आहे, त्यावर आळेफाटा आणि नगरकडून येणाऱ्या गाड्या संध्याकाळीसुद्धा मिळतात. कुठलीही घाटवाट ठरवताना मी हेच आधी बघते : मोजक्या फेऱ्यांची बाजू सकाळी, वर्दळीची बाजू संध्याकाळी.

आदल्या दिवशी कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी पकडा. थेट जुन्नरची मिळाली तर उत्तम, नाहीतर ओतूरला किंवा आळेफाट्याला उतरून जुन्नरची गाडी घ्या. मुक्काम जुन्नर गावात. दुपारी पोहोचलात तर शिवनेरी पायीच होतो, पायऱ्या चांगल्या आहेत. संध्याकाळी जुन्नर स्थानकात चौकशीच्या खिडकीवर दोन गोष्टी विचारा : घाटघरची पहिली गाडी किती वाजता, आणि उद्या शाळा आहे का. दुसऱ्या प्रश्नाला लाजू नका. डोंगराकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात. रविवारी, दिवाळीत, मे महिन्यात त्या गळतात. घाटघरहून नुकत्याच परतलेल्या कंडक्टरलाच गाठलंत तर आणखी चांगलं. वेळापत्रक कुठेही छापलेलं असो, गाडी खरंच कधी सुटते हे त्याच्या तोंडूनच कळतं. तुम्हा दोघांना तर मधला वार जमतो, मंगळवार-बुधवार गाठा.

तिकिटाचं सांगायचं तर वयाची ६५ ओलांडल्यामुळे तुम्हाला अर्धं, आणि मार्च २०२३पासून सगळ्याच महिलांना एसटीत अर्धं असल्यामुळे काकूंनाही अर्धं. म्हणजे दोघांत मिळून एक तिकीट. आधार कार्ड खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

घाटघरपासून माथ्यापर्यंत डांबरी रस्त्याने तासाभराची निवांत चाल आहे. डाव्या हाताला जीवधनचा कडा सोबत करतो. तो किल्ला आज सोडून द्या, त्याच्या कातळातल्या पायऱ्या ढासळलेल्या आहेत. माथ्यावर दगडी रांजण दिसेल. घाटाची जकात त्यात टाकत असं सगळे सांगतात. तिथून पुढे कड्याच्या दोन भिंतींमधली अरुंद नळी लागते आणि जरा उतरलं की लेणं.

या लेण्यात तासभर काढा, घाई करू नका. भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. तिने आणि तिच्या पतीने, म्हणजे सातकर्णीने, केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी यांचे आकडे त्यात कोरलेत. भारतातल्या अंकांच्या जुन्या खुणा अभ्यासायला जगभरचे लोक हा लेख धुंडाळतात. मला मात्र दरवेळी मागच्या भिंतीपाशी थांबावंसं वाटतं. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वर नावं राहिली आणि खाली कुणाकुणाची पावलं. सिमुक, नागनिका, सातकर्णी. टॉर्च तिरका धरलात तर अक्षरं नीट उठून दिसतात. समोरून उजेड मारला की सपाट होतात. अक्षरांना हात लावू नका, खडूने गिरवणारा कुणी दिसला तर त्याला अडवा. भिंतीवर आपली नावं रंगवून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

लेण्याबाहेर पाण्याची टाकी आहेत. तरी पाणी माणशी दोन लिटर जुन्नरहूनच भरून घ्या.

उतार सुरुवातीला दगडी पायऱ्यांचा आहे. शतकानुशतकांच्या वापराने दगड गुळगुळीत झालेत, म्हणून पाऊल आडवं टाका आणि काठी पुढे टेकून मगच वजन द्या. गुडघे कुरकुरत असतील तर दर वीस मिनिटांनी बसा. पुढे जंगल लागतं, मग ओढा, मग जवळजवळ सपाटी. तुमच्या चालीने तीन ते साडेतीन तास धरा. दुपारी एकला माथा सोडलात तरी उजेडात रस्त्याला लागाल. तिथे कल्याणच्या बाजूच्या गाडीला हात करा, एखादी थांबली नाही तर मागून दुसरी येते. अगदीच कंटाळलात तर मुरबाडपर्यंत जीपने या, तिथून कल्याणला गाड्या भरपूर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि त्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. तुमच्या वयाला ते नको.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे चौघे. राजगडला एसटीने जायचंय, पण पायथ्याच्या गुंजवणे गावाहून परतीची गाडी चुकली तर काय, या भीतीने दरवेळी बेत रद्द होतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : गुंजवण्याच्या गाडीवर बेत बांधूच नका. स्वारगेटहून वेल्ह्याला जाणारी गाडी पकडून मार्गासनीला उतरा. तिथून साखरमार्गे गुंजवण्यापर्यंत जीप मिळते, नाही मिळाली तर दीड-दोन तासांची चाल आहे आणि तुमच्या वयात ती ट्रेकमध्येच धरायची. चढायचं चोरदरवाजाने. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा आहे, रेलिंग धरून एकेकाने जा. परत मार्गासनीला संध्याकाळी पाचच्या आत या. वेल्ह्याहून येणारी एसटी नाहीच मिळाली तर मिळेल त्या वाहनाने नसरापूर फाटा गाठा, म्हणजे जुनी मंडळी ज्याला चेलाडी म्हणतात तो. तिथून स्वारगेटला येताना काळजी नाही.

आणखी एक. मुक्कामी गाडी हा प्रकार तुमच्या पिढीला फारसा माहीत नाही. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री शेवटच्या गावात थांबते, पहाटे परत फिरते. अशा गाडीने आदल्या रात्री गावात पोहोचा, कुणाकडे तरी पिठलं-भाकरी सांगून ठेवा आणि उजाडताच चढा. मुक्कामी गाड्या कमी होत चालल्यात, याचं मला फार वाईट वाटतं. गाडी रिकामी गेली की तिच्यावर पहिली कुऱ्हाड पडते, आणि मग त्या गावच्या बाळंतिणीला आणि बारावीच्या मुलीलाही गाडी राहत नाही. तुमची चार तिकिटं तिथे मोलाची आहेत.

प्रश्न : एकटीने कळसूबाईला एसटीने जाणं जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल, ताई. नाशिकहून घोटी, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणारी कुठलीही गाडी बारी गावातून जाते. कंडक्टरला आधीच ‘बारी’ सांगून ठेवा. १६४६ मीटरच्या शिखरापर्यंत वाट ठळक आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, आणि वाटेत गावच्या बायका लिंबूसरबत, ताक विकायला बसलेल्या असतात, त्यामुळे एकटं वाटत नाही. रविवारी शिड्यांवर रांग लागते, म्हणून साधा वार धरा. पहिली गाडी घ्या, बारा-साडेबाराला उतरायला लागा. उतरल्यावर बारीच्या थांब्यावर घोटीची गाडी कधी येईल ते चहाच्या टपरीवर विचारा, वेळा त्यांना पाठ असतात.