सूपची बरणी भरण्याआधी तिकडे केटल आहे की शेगडी ते विचारा

मुलगी हॉस्टेलला चालली आहे, तिला सूपचं कोरडं मिश्रण घरीच करून बरणीत भरून देता येईल का आणि ते टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. देता येतं, टिकतंही. फक्त खोलीत इंडक्शन शेगडी चालते की नुसती केटल, हे आधी विचारून घ्या.

मी ते विचारलं नव्हतं. भाच्याला मसूर, मूगडाळ, वर वाळवलेल्या गाजराचा कीस असे थर लावून बरणी दिली. दिसायला झकास! त्याच्याकडे केटल. पाण्याला उकळी आली की ती आपोआप बंद होते आणि मसूरडाळीला तर पंधरा-वीस मिनिटं सलग उकळी हवी. पठ्ठ्याने पुन्हा पुन्हा खटका दाबला, डाळ तळाला लागून करपली, केटल कामातून गेली. दिवाळीत बरणी जवळजवळ भरलेलीच घरी आली.

नुसती केटल असेल तर आधीच भाजलेल्या-शिजलेल्या गोष्टींचं पीठ करा. मी 1 वाटी पंढरपुरी डाळं आणि अर्धी वाटी पातळ पोहे कोरडेच कुरकुरीत भाजते, पूर्ण गार करून मिक्सरमधून बारीक काढते आणि चाळते. त्यात 3 लहान चमचे मीठ, 2 चमचे जिरेपूड, 1 चमचा मिरपूड, अर्धा चमचा सुंठ, 1 चमचा आमचूर, चिमूटभर हिंग. मगमध्ये दोन मोठे चमचे घ्यायचे, आधी थोड्या गार पाण्यात कालवायचे (थेट गरम पाणी ओतलं की गाठी झाल्याच), मग उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवायचं. यात सहा-सात मग होतात. चव मेतकुटाच्या वळणाने जाते, ते मला आवडतं. तिला विकतच्या पाकिटासारखं हवं असेल तर नाक मुरडेल.

शेगडी असेल तर मजा आहे. 1 वाटी मसूरडाळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाव वाटी तांदळाची कणी. सगळं धुऊन, कडक वाळवून, हलकं भाजून भरा, म्हणजे तिकडे निवडणं-धुणं नको. मीठ-मसाला मात्र डाळीत मिसळू नका. बारीक पूड बरणीच्या तळाशी जाते. पहिली वाटी अळणी आणि शेवटची खारट लागते. प्रत्येक वेळेची वेगळी पुडी बांधा. अर्ध्या वाटी डाळीला चार वाट्या पाणी पुरतं. आमचूर किंवा कोकम डाळ शिजल्यावरच घालायला सांगा, आंबट आधी पडलं तर डाळ शिजायला वेळ खाते. आणि हो, कोकणातली कुळथाची पिठी म्हणजे आपलं जुनं कोरडं सूपच की! एक डबा तिचाही द्या.

राजमा घालू नका. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. तो भिजवून, ते पाणी टाकून, किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. हॉस्टेलवर हे कोण करणार?

टिकण्याचं म्हणाल तर सगळा खेळ ओलाव्याचा. कांदा-लसूण घरी वाळवलात तर हाताने चुरा होईल इतका कडक हवा. वाकला तर तो अजून ओला आहे. एका जुलैत मी असाच वाकणारा कांदा घातला आणि पंधरा दिवसांत बुरशी आली. आता लसूण-पावडर विकतचीच घेते, लाज नाही वाटत. भाजलेलं काहीही गरम असताना झाकू नका, झाकणाला वाफ धरते. पिठाचं मिश्रण मी दोन महिन्यांत संपवायला सांगते, पावसाळ्यात एका. डाळींना टोके होऊ नयेत म्हणून भरण्याआधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते आणि बाहेर काढल्यावर खोलीइतकी कोमट होईपर्यंत पिशवी उघडत नाही, नाहीतर दव धरतं.

मोठ्या एका बरणीपेक्षा तीन छोट्या द्या. एकीत मैत्रिणीचा ओला चमचा जाणारच, बाकीच्या दोन तरी वाचतील.