साल नाही, टरफलही नाही: 'स्नो पी'ला मराठीत काय म्हणावं?

हिंगोलीहून एका ताईंनी विचारलंय: "पाककृतीत 'स्नो पीजच्या साली काढून घ्याव्यात' असं लिहिलंय. साल काढायची का? याला मराठी शब्द कोणता? आणि मटारऐवजी या शेंगा खाल्ल्या तर पोषण तेवढंच मिळतं का?"

ताई, साल काढू नका. स्नो पी म्हणजे दाणा भरायच्या आत सबंध खायची वाटाण्याची चपटी शेंग. काढलीत तर हातात काहीच उरणार नाही, कारण ही भाजी म्हणजे ती 'साल'च आहे.

मुळात शेंगेला साल म्हणणं हीच चूक आहे, आणि ती हल्ली सारखी कानावर येते. साल केळ्याची, बटाट्याची, झाडाची. शेंगेचं असतं ते टरफल. टिळकांच्या शाळेतली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे; त्यात कुणी 'साली उचलणार नाही' म्हणत नाही. आपल्याकडे क्रियापदंसुद्धा ठरलेली आहेत. मटार सोलतात, तुरीच्या शेंगा सोलून सोले काढतात. गवार आणि चवळीच्या शेंगा मात्र निवडतात. जिचा दाणा खायचा ती शेंग सोलायची, जी सबंध खायची ती निवडायची. स्नो पी निवडायची असते. पाककृतीत 'निवडून घ्याव्यात' एवढं लिहिलं असतं तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता.

निवडायची म्हणजे देठाकडचं टोक नखानं मोडायचं आणि ते न तोडता कडेवरून खाली ओढायचं. त्याबरोबर शीर दोऱ्यासारखी निघून येते. चपट्या शेंगेला बहुधा एक कड पुरते, भरीव 'स्नॅप पी'ला दोन्ही कडा ओढाव्या लागतात. शीर राहिली तर ती शिजत नाही, दातात अडकते.

मग साध्या मटारची शेंग अशीच का खात नाहीत? एक शेंग उकला आणि अर्धी फाक उलटी दुमडा. आतल्या अंगाला पतंगाच्या कागदासारखा चिवट, चकचकीत पापुद्रा सुटून येईल. टरफल चोथ्यासारखं लागतं ते या पापुद्र्यामुळे. शेंग वाळली की हाच पापुद्रा पिळवटतो आणि शेंग उकलते. सबंध खायच्या वाटाण्यात तो नसतो, म्हणून ती शेंग वाळल्यावर दाण्यांभोवती आवळून बसते. ग्रेगोर मेंडेलनं १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याची जी सात लक्षणं घेतली, त्यांतलं 'फुगीर शेंग की आवळलेली शेंग' हे लक्षण म्हणजे याच पापुद्र्याचा खेळ.

आता शब्दाकडे. 'बर्फमटार' लिहिणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. या शेंगेचा बर्फाशी काही संबंध नाही आणि मराठी कानाला तो फ्रीझरमधला मटार वाटतो. मटार आपण हिंदीतल्या 'मटर'वरून घेतला. घरचा शब्द वाटाणा, आणि त्याची व्युत्पत्ती फार सुंदर आहे.

पुष्कळ जण ठामपणे सांगतात की फुटण्यावरून फुटाणा, सोलण्यावरून सोलाणा, तसा वाटण्यावरून वाटाणा. हे मला अजिबात पटत नाही. फुटाणा फुटलेला असतो, सोलाणा सोललेला असतो. वाटाणा कुणी वाटलाय? वेलीवर शेंगेत असतानाच तो वाटाणा असतो. वाटलेल्या वस्तूला मराठीत 'वाटण' हा वेगळा शब्द आहे, वाटली डाळ आहे. नुसता शेवट जुळला म्हणून नातं जोडायचं ही व्युत्पत्ती नव्हे.

संस्कृत कोशांत 'वर्तुल' या शब्दाचा अर्थ गोल असा आहेच, शिवाय तो वाटाण्यासाठीही नोंदवलेला आहे. अमरकोशानं मात्र 'कलायस्तु सतीनकः' म्हणून दुसरी नावं दिली, आणि त्यावर विसंबणाऱ्यांचं वर्तुलाकडे लक्षच गेलं नाही. वर्तुलाचं प्राकृतात वट्टुल झालं आणि मराठीत वाटोळा. वर्त्म, वट्ट, वाट हाही तसाच प्रवास. माझं मत असं की वाटोळा, वाटी आणि वाटाणा ही एकाच घरातली भावंडं आहेत, आणि 'आणा' हा शेवट फुटाण्याच्या शेजारानं नंतर चिकटला. 'वाटाण्याच्या अक्षता लावणे' घ्या. तांदळाची अक्षता कुंकवावर चिकटते. वाटाणा गोल, कपाळावर ठरतच नाही, गडगडून खाली. लावल्यासारखं केलं, लागलं काहीच नाही. गोलपणा काढून घेतला तर या वाक्प्रचारात काय उरतं?

म्हणजे वाटाणा हे नावच गोलपणाचं, आणि स्नो पी खायची ती दाणा गोल व्हायच्या आत, शेंग चपटी असताना! तिला नुसतं 'वाटाणा' म्हणणं अर्थाच्याच विरुद्ध जातं. शेंग हा शब्द नावात हवाच. आपल्याकडे नुसतं 'शेंगा' म्हटलं की भुईमूग, म्हणून मी 'वाटाणशेंग' म्हणेन: स्नो पी ती चपटी वाटाणशेंग, स्नॅप पी ती भरीव वाटाणशेंग. फ्रेंचांनी तर 'मांजतू', म्हणजे 'सगळं खा', असं नाव ठेवून साल-टरफलाचा वादच मिटवला.

या शेंगांना इंग्रजीत 'शुगर पी'ही म्हणतात, पण त्यावरून 'गोड वाटाणा' मात्र करू नका. 'स्वीट पी' नावाचं बागेतलं सुवासिक फूल वेगळं, आणि त्याच्या शेंगा व बिया विषारी असतात. इथे ढिलाई परवडत नाही.

पोषणाचं राहिलंच. तेवढंच मिळत नाही. वाटाणा हे शमीधान्य, शेंगेत भरलेलं धान्य. वाटाणशेंग ही भाजी. १०० ग्रॅम कच्च्या वाटाणशेंगेत सुमारे ४२ कॅलरी, २.८ ग्रॅम प्रथिनं, २.६ ग्रॅम तंतू. हिरव्या मटारच्या दाण्यांत ८१ कॅलरी, ५.४ ग्रॅम प्रथिनं, ५.७ ग्रॅम तंतू. पण क जीवनसत्त्व शेंगेत ६० मिलिग्रॅम, दाण्यात ४०. लोह शेंगेत २ मिलिग्रॅमच्या आसपास, दाण्यात दीड. क जीवनसत्त्वानं ज्वारीतलं लोह अंगी लागायला मदत होते, तेव्हा भाकरीशी ही जोडी चांगली. मात्र शेंग उकळत ठेवली तर तेच जीवनसत्त्व आधी जातं.

म्हणून येसराच्या आमटीत घालून रटरटू नका. पाव किलो शेंगा धुऊन फडक्यानं कोरड्या करा. ओल्या टाकल्या तर परतण्याऐवजी वाफवल्या जातात. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, मग मोठ्या आचेवर चपट्या शेंगा दोन मिनिटं, भरीव तीन. मीठ उतरवताना, नाहीतर पाणी सुटतं. दोन चमचे जाडसर दाण्याचा कूट शेवटी. झाकण ठेवू नका: शेंगेतली आम्लं वाफेबरोबर उडून न जाता कढईतच राहतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. टोमॅटो, चिंच यांनीही तेच होतं. रंगासाठी सोडा घालाल तर शेंग हिरवी राहील, पण लिबलिबीत होईल.